सोपाऱ्याचा पूर्ण आणि आपल्या घरातील दोन राशी

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर होणाऱ्या पुस्तकविक्रीचा उल्लेख आपण सारे अभिमानाने करतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्या पिशवीतून घरी येणाऱ्या पुस्तकांकडे जरा चिकित्सक दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या दोन राशी पडलेल्या दिसतात. एक रास थोरांची : जाड ग्रंथ, भाषणांचे खंड, चरित्रे. दुसरी मुलांची : मोठ्या टाइपातील, रंगीत मुखपृष्ठाची, थोड्या पानांची. पहिली रास कपाटात जाते आणि पुष्कळदा तेथेच राहते. दुसरी मुलांच्या हाती पडते. ती आई-वडील स्वतः क्वचितच उघडतात. या दोन राशींमधील भिंत आम्हांस घातक वाटते. जे पुस्तक आईला वा वडिलांना, मुले झोपल्यानंतर, केवळ स्वतःच्या ओढीने वाचावेसे वाटत नाही, ते मुलांनाही पुरेसे नाही, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात या मताची परीक्षा वसई-विरार परिसराशी निगडित असलेल्या एका प्राचीन कथेच्या आधारे करावयाची आहे.

तत्पूर्वी आपल्याच इतिहासातील दोन उदाहरणे पाहू. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे ‘गौतमबुद्धाचे चरित्र’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते बालवाङ्मय नव्हते. तरीही केळुसकर गुरुजींनी ते एका शाळकरी विद्यार्थ्याच्या सत्कारप्रसंगी भेट दिले. हा सत्कार मॅट्रिकच्या परीक्षेनंतर झाला असे चरित्रग्रंथ सांगतात, तर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख आहे. तपशिलाचा हा भेद असो. महत्त्वाचे असे, की थोरांसाठी लिहिलेले पुस्तक एका मुलाने वाचले आणि त्यातून पुढे काय घडले हे वाचकांना सांगावयास नको.

दुसरे उदाहरण नेमके उलट्या दिशेचे. धर्मानंद कोसंबी यांना बुद्धाची पहिली ओळख गोव्यातील आपल्या गावी ‘बालबोध’ मासिकातील एका लेखाने झाली. ‘बालबोध’ हे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले मुलांचे मासिक. कोसंबी त्या वेळी मूल नव्हते. ते विवाहित, संसारी गृहस्थ होते. मुलांसाठीच्या त्या काही पानांनी १८७६ साली जन्मलेल्या या माणसाला १८९९ मध्ये घर सोडून ज्ञानाच्या शोधार्थ निघण्याच्या वाटेवर आणले. पालीचा हा मोठा पंडित बालवाङ्मयाच्या वाचनातून उभा राहिला. थोरांचे पुस्तक मुलाने आणि मुलांचे मासिक थोराने वाचले. महाराष्ट्रातील आधुनिक बौद्ध विद्येचे दोन मूळ प्रवाह असे वयाची पाटी ओलांडून वाहू लागले आहेत.

पहिल्या उदाहरणातील आणखी एक प्रसंग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सुभेदार रामजी आपल्या मुलांकडून रामायण-महाभारत आग्रहाने वाचून घेत. केळुसकरांचे पुस्तक वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना सांगणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावेत? वडिलांनी प्रथम तो प्रश्न वेडगळ ठरवून मुलाला गप्प केले. मुलाने काही काळाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मात्र वडील उत्तराची तयारी करून बसले होते. आपण अस्पृश्य आहोत, मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे सामान्य स्थितीतून किती उंच चढले ते पाहा, तो गंड जावा म्हणून हे वाचावयाचे, असे ते म्हणाले. त्या म्हणण्यात काही बळ आहे हे मुलाला जाणवले, पण समाधान झाले नाही, आणि तसे त्याने वडिलांना सांगितलेही. रामजींचे उत्तर आज आपण स्वीकारीत नाही. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाच्या मधल्या काळात त्या पित्याने एकट्याने जो विचार केला असेल, तो आम्हांस पालकाच्या वाचनाचा खरा नमुना वाटतो. मुलाच्या हाती ग्रंथ देणाऱ्याने मुलाच्या प्रश्नासाठी स्वतःही त्या ग्रंथात परत गेले पाहिजे. पुस्तकांसाठी मुलींचे दागिने गहाण टाकणारे रामजी आपण भाषणांतून सांगतो. उत्तर तयार करून बसलेले रामजी फारसे सांगत नाही.

आता सोपाऱ्याकडे वळू. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये अस्तित्वात आला; पण या भूमीचा धम्माशी संबंध सम्राट अशोकाच्या काळाइतका जुना आहे. वरळी, परळ येथील चाळींतून घरांच्या किमतीमुळे नालासोपारा-विरारकडे आलेली असंख्य बौद्ध कुटुंबे आज येथे राहतात. त्यांतील कमावती माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात आणि रात्री परततात. बसावयास जागा मिळालीच तर तो प्रवास हाच त्यांच्या एकट्याच्या वाचनाचा वेळ. मुलांसाठी उरतो तो रविवार.

याच सोपाऱ्यात १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप खणला. दगडी पेटीतील धातुकरंडक, सोन्याची फुले, सात बुद्ध आणि मैत्रेय यांच्या ब्राँझच्या आठ मूर्ती, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे रुपेरी नाणे अशा वस्तू तेथे मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी हाती आला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ मध्ये सापडला. नवव्या लेखाचा संपूर्ण आशय इतर ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. लग्न, जन्म, प्रवास यांप्रसंगी लोक करतात ते मंगलविधी अल्पफलदायी आहेत; दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम हे धम्ममंगल होय, असे तो सांगतो. पित्याने, पुत्राने, भावाने, धन्याने, मित्राने, शेजाऱ्याने हे एकमेकांस सांगावे, असेही त्यात आहे. दीक्षेच्या वर्षी सोपाऱ्याच्या मातीतून वर आलेला लेख दासांविषयी बोलतो आणि घरातील माणसांनी एकमेकांना काय सांगावे याविषयी बोलतो, ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी लक्षात ठेवावी.

सोपाऱ्याच्या नावाशी जोडलेल्या कथांपैकी मुलांना सर्वांत आधी आवडेल ती सुप्पारक जातकाची (क्र. ४६३). खाऱ्या पाण्याने दृष्टी गेलेला एक निष्णात नावाडी सातशे प्रवाशांचे गलबत हाकतो. चार महिने भरकटत ते अनोळखी समुद्रांत शिरते. एका समुद्रात वस्तऱ्यासारखी नाके असलेले मासे, दुसरा अग्नीसारखा धगधगता, तिसरा दह्यादुधासारखा पांढरा. आंधळा सुप्पारक प्रत्येकाचे नाव सांगतो, आणि शेवटी सत्यवचनाच्या बळावर गलबत भरुकच्छास परत आणतो. आर्यशूराच्या संस्कृत ‘जातकमाले’त हाच कर्णधार वृद्ध झालेला असून त्याचे गावच त्याच्या नावाने ओळखले जाते. कथा सुरस आहे. शेवटी येणारे ‘तो मीच होतो’ हे समोधान आम्ही पुनर्जन्माचा पुरावा म्हणून वाचीत नाही; जुन्या कथनाची ती एक रीत होती, एवढे मुलांना सांगितले की पुरे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मूळ पाली कथा वाचल्याशिवाय कळत नाही. गलबतावर चढण्यापूर्वी सुप्पारक राजाकडे हत्ती-घोड्यांची पारख करण्याच्या कामावर असतो. राजा प्रत्येक वेळी आठ नाणी हातावर ठेवतो. तेव्हा तो मनात म्हणतो, हे देणे न्हाव्याचे आहे, हा राजा न्हाव्याच्या पोटचा असावा! बोधिसत्त्वाच्या तोंडी घातलेला हा जातीचा टोमणा आहे. मुलांच्या आवृत्तीतून तो गाळावा हे सर्वांना सुचेल. आमचे म्हणणे असे, की निदान आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो सांगावा, आणि लगेच विचारावे, की पहिल्या संगीतीत विनय ज्याने सांगितला तो उपाली कोण होता? उपाली न्हावी होता. धम्माच्या ग्रंथांतही काळाची धूळ बसलेली आहे आणि ती ओळखावयास बुद्धाचेच संघटन उपयोगी पडते, हे मूल त्या एका प्रश्नातून जेवढे शिकेल तेवढे तात्पर्याच्या दहा ओळींतून शिकणार नाही. आणि तात्पर्यांचा तर सध्या सुळसुळाट आहे. बाजारात जातक म्हणून जे मिळते त्यात बहुधा माकड, मगर, हंस, कासव आणि तळाशी चौकटीत ‘बोध’. चौकट आली की मुलाचा प्रश्न संपला. पंचतंत्र कोठे संपते आणि जातक कोठे सुरू होते, हेही मग कळेनासे होते.

या तुलनेत पूर्णाची कथा पुष्कळ मोठी आणि पुष्कळ कठीण आहे. ती दोन ठिकाणी येते. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात (क्र. १४५) तिचा गाभा आहे, संस्कृत ‘दिव्यावदाना’तील पूर्णावदानात ती विस्ताराने सांगितली आहे. युरोपात ब्यूर्नूफने १८४४ मध्येच तिचे फ्रेंच भाषांतर केले. मूळ संस्कृत ग्रंथाची डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेली आवृत्ती १९५९ मध्ये दरभंग्याहून निघाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या भावाचे वादळात सापडलेले गलबत रंगविलेले आहे. शाळेच्या सहलीतून ती भिंत पाहून आलेल्या मुलाला आपण सोपाऱ्याच्या गलबतापुढे उभे होतो हे कोणी सांगत नाही.

सुत्तातील भाग आपल्या वक्त्यांच्या आवडीचा आहे. पूर्ण सुनापरान्तात धम्मप्रचारास निघतो. तेथील लोक रागीट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, असे तथागत विचारतात. हाताने मारले नाही हा त्यांचा चांगुलपणा समजेन, असे पूर्ण म्हणतो. हाताने मारले तर? ढेकूळ मारले नाही एवढे चांगले. मग काठी, मग शस्त्र, मग प्राणहानी. प्रत्येक पायरीवर पूर्ण तितकाच शांत. व्यासपीठावरून हे फार परिणामकारक वाटते. पण आपल्या घरातील मूल हे ऐकून एक प्रश्न विचारील, आणि तो विचारावाच : कोणी मारले तर आपण त्याला चांगला म्हणावयाचे का? १९७८ मध्ये नामांतराच्या मागणीवरून मराठवाड्यात ज्यांची घरे जळाली, २००६ मध्ये खैरलांजीत जे घडले, ते ज्यांच्या समाजाच्या स्मरणात आहे, त्या आई-वडिलांना हा प्रश्न टाळता येणार नाही. शोषितांनी सोसावे हा उपदेश आपणांस शतकानुशतके फुकट मिळालेला आहे. तोच बुद्धाच्या नावाने मुलांच्या गळी उतरवावयाचा असेल, तर पुस्तक न आणलेले बरे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ सुत्त वाचून मिळणे कठीण आहे. ते पूर्णावदानात आहे, आणि म्हणूनच पालकाने आधी एकट्याने, संपूर्ण, वाचणे अगत्याचे आहे.

त्या अवदानानुसार पूर्ण हा सोपाऱ्यातील भव नावाच्या धनिकाचा दासीपुत्र होता. भव आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी त्याची उपेक्षा केली. दासीने वैद्यांना विचारून त्याला बरे केले. तो प्रसन्न होऊन म्हणाला, पैसे घे आणि दास्यातून मोकळी हो. ती म्हणाली, कोठेही गेले तरी मी दासीच राहीन. आपला सहवास लाभला तरच माझे दासीपण संपेल. त्या संबंधातून पूर्ण जन्मला. हा भाग लहान मुलास जसाच्या तसा सांगता येणार नाही, हे उघड आहे. सोवळा कथाकार अशा वेळी सारे प्रकरण गाळतो आणि पूर्णाला ‘एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा’ करून टाकतो. येथे आमचा तीव्र मतभेद आहे. गाळावयाचा तर शय्येचा उल्लेख गाळावा; दासी गाळू नये. पैसे देऊन सोडलेली दासी लोकांच्या दृष्टीने दासीच राहते, हे त्या स्त्रीने ओळखले होते. कायद्याने मुक्त होऊनही हिणविल्या गेलेल्या समाजाच्या मुलाला हे वाक्य समजावयास वयाची अट नाही.

पुढे बाप गेल्यावर भावांची वाटणी निघते. एकाने घर-शेती घ्यावी, दुसऱ्याने दुकान आणि परदेशचा माल. मग पूर्णाचे काय, असे थोरला भविल विचारतो. तो दासीचा मुलगा, त्याला वाटा कोण देणार? उलट आम्ही त्यालाही वाटणीत धरले आहे, हवा तर तू घे, असे धाकटे सांगतात. भविल घर-दुकान सोडून पूर्णाला निवडतो. माणूस वस्तूंच्या यादीत आला आणि एका भावाने त्या यादीतून माणूस उचलला, हा प्रसंग मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याचाच आवाज अडखळेल. नंतर थंडीने कुडकुडणाऱ्या मोळीविक्याच्या लाकडांत पूर्णाला मोलाचे चंदन दिसते आणि दारिद्र्य फिटते. मुलांना हा भाग हमखास आवडेल, आम्ही त्यावर अधिक लिहीत नाही.

आमच्या दृष्टीने कथेचा मणका पुढेच आहे. सोपाऱ्याच्या व्यापारी संघाने नियम केला होता, की बंदरात आलेला माल एकट्याने कोणी घ्यावयाचा नाही, संघाने मिळून घ्यावयाचा. पूर्णाने एकट्याने विसार देऊन माल घेतला. संघाने त्याला दंड केला आणि पकडून भर उन्हात उभे केले. राजाच्या माणसांनी पाहिले, प्रकरण राजापुढे गेले. तेथे पूर्णाने क्षमा मागितली नाही. त्याने एवढेच विचारले, की हा नियम करताना यांनी मला किंवा माझ्या भावाला बोलाविले होते का? नव्हते. राजाने पूर्णाचे म्हणणे योग्य ठरविले आणि व्यापारी लाजले.

ज्या नियमाच्या बैठकीला आम्हांस बोलाविले नाही तो नियम आम्हांस बांधीत नाही, हा युक्तिवाद एका दासीपुत्राने सोपाऱ्याच्या बाजारपेठेत केला, असे ही जुनी कथा सांगते. गोलमेज परिषदा, पुणे करार, संविधान सभा यांचा अभ्यास केलेल्या वाचकाला येथे थांबून पुस्तक मिटावेसे वाटेल आणि खिडकीबाहेर पाहावेसे वाटेल. हे एकट्याच्या वाचनाचे सुख. आणि मुलाच्या त्या प्रश्नाला उत्तरही येथेच मिळते. स्वतःच्या गावात, स्वतःच्या हक्कासाठी उभा असलेला पूर्ण सोसत नाही. तो प्रश्न विचारतो आणि जिंकतो. परमुलखात, स्वेच्छेने, दुसऱ्यांना काही देण्यासाठी निघालेला तोच पूर्ण शिव्यांनी डगमगत नाही. पहिला पूर्ण वगळून दुसरा सांगणे म्हणजे मुलाला शौर्याच्या नावाखाली लाचारी शिकविणे होय. अर्थात मुलाचे समाधान होईलच असे नाही. भीमरावांचेही वडिलांच्या उत्तराने झाले नव्हते.

आणखी एक स्थळ सांगावयाचे राहिले. हा पूर्ण धम्माकडे वळला तो कोणाच्या प्रवचनाने नव्हे. सातव्या समुद्रसफरीत गलबतावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते रात्री आणि पहाटे काही वचने मोठ्याने म्हणत. ही गाणी सुंदर आहेत असे पूर्ण म्हणाला. ही गाणी नव्हेत, बुद्धवचन आहे, असे त्यांनी सांगितले. ‘बुद्ध’ हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला आणि त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. दुसरे कोणी स्वतःसाठी मोठ्याने वाचीत होते आणि ते त्याच्या कानी पडले. घरातल्या मुलाच्या कानी जे पडते ते पुष्कळदा असेच पडते.

याच कारणाने ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाविषयी थोडे लिहितो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून त्याचे वाचन होते. ते स्तुत्य आहे. मात्र तेथे मुले मागच्या रांगेत झोपी जातात. बाबासाहेबांनी या ग्रंथाची रचना लहान प्रकरणांत, क्रमांक घातलेल्या आटोपशीर परिच्छेदांत केली आहे. घरी एका बैठकीत एक प्रकरण सहज होते. विशेषतः सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण घ्यावे. वृद्ध, रोगी, शव पाहून तो गेला ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नाही हे कोणते मूल मानील? त्याऐवजी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध तेथे येतो. ज्या मुलांनी इमारतीखाली टँकरची वाट पाहणारी आई पाहिली आहे आणि जयंतीच्या भाषणांत १९२७ चे महाड ऐकले आहे, त्यांना पाण्यावरून युद्ध होऊ शकते हे समजावून सांगण्याची गरज नाही. सुनीत, सोपाक, सुप्रबुद्ध यांच्या दीक्षेची प्रकरणेही अशीच. मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या बाबासाहेबांच्या चरित्रांवर आमचा आक्षेप असा, की त्यांतील बरीचशी पदव्यांची आणि तारखांची यादी होऊन बसतात; ज्याने वडिलांना दोनदा तोच प्रश्न विचारला तो मुलगा त्यांत सापडत नाही.

सोपाऱ्याच्या स्तूपापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या घरांसाठी पूर्णावदानाचे एक घरगुती मराठी पुस्तक कोणी सिद्ध करावे, अशी आमची सूचना आहे. ते संस्कृतवरून केलेले असावे. चमत्कारांचा भाग संक्षेपाने यावा, पण तो होता हे सांगितले जावे. अजिंठ्याचे गलबत आणि भुईगावचा शिलालेख यांची चित्रे असावीत, तळाशी ‘बोध’ नसावा. लेखकाला एक अडचण निश्चितच येईल. मूल विचारील, पूर्णाच्या आईचे नाव काय? ग्रंथात धनिकाचे नाव आहे, त्याच्या मुलांची नावे आहेत. तिला केवळ दासी म्हटले आहे. लेखकाने सोय म्हणून तिला एखादे गोड नाव देऊ नये. ती जागा तशीच मोकळी ठेवावी.